पंधरातले बारा

माय,

विहारातल्या अॅम्प्लिफायरची आयसी पुन्हा जळाली. होळीनंतरची ही तिसरी. तोच अॅम्प्लिफायर, जो मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बनवला आणि ज्याचा ट्रान्सफॉर्मर तू दुकानात बसून हाताने गुंडाळलास. तू गेलीस त्याला एकोणीस वर्षं झाली. तू असताना तो कधी बंद पडला नाही, तू गेल्यावरही नाही, आणि आता म्हातारपणी त्याला हे खूळ सुचलंय. सकाळी सहाला वंदना सुरू होते, पहिली दोन वाक्यं नीट ऐकू येतात, मग स्पीकर घरघरतो, डब्यातून ‘फट्’ असा आवाज येतो आणि अगरबत्तीच्या वासात जळका वास मिसळतो. काढून पाहावं तर त्या पाच पायांच्या काळ्या आयसीच्या पोटाला भोक पडलेलं. मागे बसणाऱ्या म्हाताऱ्या लगेच ओरडतात, "काऊन बंद झालं बे हे?" आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात, कारण वस्तू माझी.

आपल्या विहाराचे सेक्रेटरी स्वभावाने गरीब आहेत, पण त्यांनाही वैताग आला. तिसरी जळाली तेव्हा म्हणाले, "ताई, सोडा आता थे खोकं. वर्षावास सुरू व्हाले आठ दिवस रायले. तीन महिने रोज ग्रंथ वाचनं हाय. नवं आनू, हे भंगारात टाकू." त्यांचं चूक नव्हतं. पण भंगार हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "आठ दिवस द्या मले. नाई झालं तं मीच भंगारवाल्याच्या गाड्यावर नेऊन ठेवीन." म्हणाले, "तुमची मर्जी." ते गेल्यावर मला भानावर यायला जरा वेळ लागला. शाळेत मुलांना वीज शिकवणारी बाई, आणि स्वतःच्या हातचं खोकं तीनदा पेटलं तरी कारण सांगता येत नाही. पण हट्ट हा हट्ट. तोही तुझ्याकडूनच आलेला.

पहिल्या वेळी मी म्हटलं, वय झालं असेल. दुसऱ्या वेळी आयसी नकली असेल म्हणून खामगावहून दुसऱ्या दुकानातली आणली. आयसी आणि तिला थंड ठेवणारा पत्रा यांच्यामध्ये अभ्रकाचा पातळ तुकडा असतो, तो फाटला असेल म्हणून नवा घातला. स्पीकरची वायर उंदराने कुरतडली असेल म्हणून तीही बदलली. दर वेळी घरी आणून दुपारभर वाजवून पाहिला, चार-चार तास वाजला, हाताला कोमट लागण्यापलीकडे काही नाही. आणि विहारात नेला की दोन मिनिटांत बारा वाजले. तिसऱ्या वेळी मी चिडून डब्याला म्हणाले, तुला माझ्या घरीच राहायचंय का? मग मात्र बसून विचार केला. वस्तू तीच, माणूस तोच, मग बदलतंय काय? बदलते ती जागा, आणि वेळ. माझं घर गावाच्या टोकाला, मी वाजवून पाहायची ती दुपारी, घरोघरी कूलर चालू असताना. विहारात तो लागतो सकाळी सहाला, आणि त्या विहाराच्या अगदी मागेच होळीच्या सुमारास नवी डीपी, विजेच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरची, बसलीय. मी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मीटर घेऊन विहारात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा डबा न उघडता भिंतीतल्या सॉकेटमध्ये मीटरच्या काड्या घातल्या. दोनशे पंचेचाळीस व्होल्ट. दुपारी घरी येऊन पाहिलं तर एकशे पंच्याण्णव.

मग तुझा ट्रान्सफॉर्मर मोजला. त्याच्यातून बारा-बारा व्होल्ट यायला हवे होते. विहारात सकाळी सोळा-सोळा येत होते. त्या आयसीला वर-खाली मिळून छत्तीस व्होल्ट सोसतात, आणि एसीचं डीसी होताना व्होल्ट चढतात, तो हिशेब केला तर तिला मिळत होते त्रेचाळीस. जळेल नाहीतर काय. आणि माय, माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "शेवटी मोजायला चुकलीसच ना तू!" विहारात कोणी नव्हतं, तरी मी जीभ चावली. कारण हे वाक्य मी तुला दुसऱ्यांदा म्हणत होते.

पहिल्यांदा म्हटलं ते तू विसरली नसशील. मी तरी विसरलेले नाही. वडनेर भोलजीच्या हायवेला लागून आपलं मोटारी भरायचं दुकान. बाबा जळालेल्या पंपांच्या मोटारी उघडतायत, तू चाकापाशी बसून तांब्याची तार गुंडाळतेयस. त्या चाकाचा आकडे दाखवणारा काटा केव्हाच मोडला होता, म्हणून तू तोंडाने मोजायचीस, आणि एकापासून कधीच नाही. तुझा बाप बाजारात मापारी. ज्वारीचं पहिलं माप टाकताना मापारी ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. तशीच तू. लाभ, दोन, तीन, चार. तुला वाचता येत नव्हतं, सहीच्या जागी अंगठा लागायचा, पण हजार वेढ्यांत एक इकडचा तिकडे झाला नाही असं बाबा सगळ्यांना सांगायचे, आणि तू ऐकून न ऐकल्यासारखं करायचीस. मी तुझा ट्रान्सफॉर्मर पिशवीत घालून कॉलेजात नेला. तिथल्या प्रयोगशाळेत मीटर लावला तर बाराऐवजी पंधरा. दोन्हीकडे पंधरा. वर्गातली मुलं हसली. मी तो अपमान शनिवारच्या एसटीत मांडीवर घेऊन बसले आणि उतरले ती थेट दुकानात.

दुकानात पाच-सहा शेतकरी मोटारींसाठी बसलेले. तू मोजत होतीस. मी ट्रान्सफॉर्मर तुझ्यासमोर आपटला आणि म्हणाले, "बारा सांगतले होते तुले, पंधरा केले! मोजता येत नाई तं कायले बसते चाकावर?" कोणीतरी म्हणालं, "बाई लाभाचे दोन धरते वाटते!" आणि सगळे हसले. मीही हसले, माय. बाबांनी मान वर केली नाही. तू हात थांबवलास, चाक एका हाताने धरून ठेवलंस, कारण सोडलं तर वेढे सुटतात, आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तुहे बारा त्यातच हायेत. मोज." मला वाटलं, हिला कळतच नाही. पंधरात बारा असणारच, हे काय सांगणं झालं? पुढे अॅम्प्लिफायर बनला, गावात उत्तम वाजला, आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की ट्रान्सफॉर्मर चुकीचा असूनही माझ्या जोडणीने सांभाळून घेतलं. केवढा तो माझा शहाणपणा. तू मात्र त्या शनिवारनंतर मोठ्याने मोजणं सोडलंस. नुसते ओठ हलायचे. मला ते दिसत होतं आणि मी त्याबद्दल एक अक्षर बोलले नाही.

तर त्या सकाळी विहाराच्या पायरीवर बसून मी हे सगळं आठवत होते, आणि आठवता आठवता दुकानातली एक वस्तू डोळ्यांपुढे आली. चाकाच्या वर, लाकडी बोर्डावर, बाबांचा गोल मीटर. त्याचा काटा मी लहानपणापासून बघत आले होते. तो एकशे ऐंशीच्या पुढे सहसा जायचाच नाही. आपल्या गावात तेव्हा तेवढाच करंट येत होता. त्यानेच तर मोटारी जळायच्या, त्यानेच तर आपलं दुकान चालायचं! मी पायरीवरच वहीच्या पाठीवर आकडे मांडले. दोनशे तीसला पंधरा देणारा ट्रान्सफॉर्मर एकशे ऐंशीला किती देईल? पावणेबारा. म्हणजे बाराच की. कॉलेजात पुरेशी वीज होती म्हणून तिथे पंधरा दिसले. गावात, जिथे तो वाजायचा होता, तिथे तू मला बाराच दिले होतेस. तू काय दिलंस ते मी मोजलं आणि त्याच्यावरून तुझी अब्रू काढली; तुझ्या हातात मुळात किती येत होतं ते मोजायचं मला सुचलंसुद्धा नाही. आणि हा धडा मी गेली पंचवीस वर्षं फळ्यावर सूत्रासकट शिकवतेय.

मी तिथे बसून रडले. आता लिहायला काय लाज. मग डोळे पुसले, कारण आठातले पाच दिवस संपले होते आणि रडून व्होल्ट कमी होत नाहीत. ठरवलं की ट्रान्सफॉर्मर उघडायचा आणि जास्तीचे वेढे मोजून काढायचे. सेक्रेटरी म्हणाले, "तयार भेटते ना बाजारात, ताई. हे कायले खोलत बसता?" मी म्हटलं, "मापाऱ्याची नात हाय मी. मोजूनच सोडीन."

घरी दुपारी खिडकीशी बसून मी वरचा कागद सोलायला घेतला. तुझ्या हातचं वार्निश, तुझा चिकटवलेला कागद, कडेला तुझ्या अंगठ्याचा ठसा वाळून राहिलेला. तो तुकडा मी वेगळा काढून ठेवला. कागद निघाला आणि कडेला, वेढ्यांच्या खाली दुमडलेले, दोन फासे दिसले. जास्तीचे वेढे सुरू होण्याआधीच तारेचा पिळा देऊन बाहेर काढलेले, काळ्या नळीत घातलेले, आणि वरून कागदाखाली चापून बसवलेले. एक डावीकडे, एक उजवीकडे. माझा हातच थांबला. माझ्या शाळेच्या फ्रॉकांना तू असंच करायचीस. खालचा घेर आत दुमडून शिवायचीस, पोर वाढली की टाके उसवायचे. मी नळ्या काढल्या, तारेवरचं इनॅमल खरवडलं, मीटरच्या काड्या लावल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विहाराच्या सॉकेटला जोडून पाहिलं. डावीकडे बारा आणि वर थोडे पॉइंट. उजवीकडे तेवढेच. एक वेढा इकडचा तिकडे नाही.

तुहे बारा त्यातच हायेत. मोज. तू मला शब्दशः सांगितलं होतंस. कधीतरी गावाला पुरेशी वीज येईल, तेव्हा पोरीला हे लागेल, म्हणून तू आधीच काढून ठेवलं होतंस, आणि मी एकदा कागद उचलून पाहिलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं. तूही नंतर पुन्हा सांगितलं नाहीस. काऊन नाही सांगितलंस, माय? एवढा राग होता का? की वाट बघत होतीस, पोरगी स्वतः मोजेल म्हणून? याचं उत्तर मला कुठला मीटर देणार नाही, हे मला कळतं, तरी विचारते.

तारा त्या दोन फाशांवर घेतल्या, चौथी आयसी बसवली. आषाढी पौर्णिमेच्या सकाळी विहार भरलेला. मी मनाशी पक्कं करून गेले होते. तुला बोलले ते लोकांसमोर, तर परत घेईन तेही लोकांसमोर, आणि तुझ्याच ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या माइकवर. वाक्य पाठ केलं होतं: माझी माय मोजण्यात कधी चुकली नव्हती, चुकले ती मी. सेक्रेटरींनी माइक हातात दिला, म्हणाले, "ताई, चेक करून घ्या आधी." मी बटण दाबलं. तोंडाशी माइक धरला, आणि हॅलो राहिलं, एक राहिलं, तोंडातून निघालं, "लाभ. दोन. तीन." मागच्या रांगेतली एक म्हातारी, तुझ्या वेळची, ताडकन म्हणाली, "अवं, हे तं मोटारवालीचं मोजनं हाय!" मी थांबले नाही. चार, पाच, सहा. स्पीकर स्वच्छ. बारापर्यंत मोजलं.

हे पत्र त्या डब्यातच ट्रान्सफॉर्मरशेजारी ठेवायचा विचार होता, पण करंटजवळ कागद ठेवला म्हणून तू रागावली असतीस, आणि बरोबरच आहे. तेव्हा ते तुझ्या अंगठ्याच्या ठशाबरोबर माझ्या कपाटात राहील. लोकांना वाटतं, ताईंनी तीन महिन्यांची सोय केली. सगळ्यांनी शाबासकी दिली, मी ती गुपचूप घेतली. पाठ केलेलं ते वाक्य मात्र मी बोलले नाही, माय. बारा म्हटलं, माइक सेक्रेटरींच्या हातात दिला आणि खाली बसले.