तांदळाच्या पोत्याचं चामडं

प्रिय कोझुए,

माझं पत्र आलेलं बघून दचकू नकोस. तुझे बाबा धडधाकट आहेत, आणि माझं जे काही आहे ते त्यांनी तुला फोनवर सांगितलंच आहे. सोमवारी पोट उघडणार, आत बघणार, मग डॉक्टर काय ते ठरवणार. तोयामात आठ दिवस सूर्य नाही. धुणं घरातच वाळत घातलंय, आणि त्या ओल्या कुबट वासात बसून मी गेले तीन आठवडे एक बॅग करते आहे. कुठली ते तू ओळखलंच असशील. औषधं विकत गावोगाव हिंडणारी ती तुझ्या कार्टूनमधली पोरगी, तिच्या खांद्यावरची.

हस खुशाल. जी बाई तुला म्हणायची की सव्विसाव्या वर्षी कसली सोंगं काढतेस, तिच्याच हाताला आता गोंदाचा चळ लागलाय. दुधाची चौदा खोकी धुऊन, उलगडून, एकावर एक चिकटवली की फळीसारखी ताठ होतात हे मला आता माहीत आहे. त्यावर न्हाणीघरातल्या जुन्या चटईचा फोम. कोपरे गोल करायचे तर फोम आतून निम्मा कापायचा आणि केस वाळवायच्या यंत्राने गरम करून वाकवायचा. वरून तांदळाच्या पोत्याचा तपकिरी कागद, मामाकडून नवा तांदूळ येतो त्या तीस किलोच्या कागदी पोत्याचा. तो ओला करून चुरगळायचा, पसरायचा, पुन्हा चुरगळायचा. पाच-सहा वेळा असं केलं आणि बाबांच्या बुटांचं पॉलिश फडक्याने चोळलं की चामडंच. बाबांनी हात फिरवला आणि केवढ्याला घेतली म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुम्ही जेवता त्याच तांदळाची आहे. बाटल्यांच्या झाकणांचे खिळे झाले, बाबांच्या जुन्या कमरपट्ट्याचा बंद झाला. आणि जेवणाच्या डब्यातल्या सोया सॉसच्या त्या माशांच्या आकाराच्या इवल्या बाटल्या, त्यांत रंगीत पाणी भरलं, ती तिची औषधं. बारा मासे. तूही बाराच केले होतेस.

तू बँकेतली नोकरी सोडून कानाझावाहून परत आलीस, ते वर्ष मला अजून टोचतं. दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात गल्ल्यावर उभी राहायचीस आणि घरी आलीस की खोलीचं दार लावून कापाकापी करायचीस. मला वाटायचं, आत काहीतरी कुजतंय. त्यात किताजिमाबाई. तुला ठाऊक आहे ती, गल्लीच्या कोपऱ्यावर कचऱ्याच्या पिशव्यांवर पांघरतात त्या जाळीपाशी उभी राहून प्रत्येकाच्या पिशवीत डोळे घालणारी. एकदा चारचौघींत मला म्हणाली, "तुमची कोझुए अजून खेळातच आहे का हो?" सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन मी तुझ्या जेवणात मीठ घालायला विसरले आणि तू तसंच जेवलीस.

डिसेंबरची सत्तावीस तारीख. तीस तारखेला तू तोक्योला कार्टूनवेड्यांच्या मेळाव्याला जाणार होतीस, मैत्रिणींबरोबर, त्या पोरीचा सगळा वेश करून. तीन महिने तू त्या एका बॅगेवर घालवले होतेस. घरात वर्षअखेरची साफसफाई चालली होती. तू दुकानात होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची वर्षातली शेवटची गाडी, आणि गल्लीची पाळी आपली. म्हणजे जाळीपाशी कोणाचा कचरा चुकीचा वेगळा केलाय ते बघायला मीच उभी राहणार. संध्याकाळी तू आलीस, रात्री उशिरापर्यंत शिवत बसलीस ती टोपीच. सकाळी उठून बॅग शोधलीस तेव्हा मी म्हटलं की दुधाची धुतलेली खोकी होती ती ना, मला वाटलं कचऱ्यातच द्यायची आहेत. तू चपला न घालता जाळीपर्यंत गेलीस. गाडी निघून गेली होती. परत आलीस तेव्हा तुझे मोजे ओले होते आणि तू आरडाओरडा केला नाहीस, एवढंच म्हणालीस, "आई, तू नीट बघितलंसुद्धा नाहीस." त्याच दिवशी ओसाकाला गेलीस. सात वर्षं झाली. नव्या वर्षाचं कार्ड येतं, त्यावर फक्त बाबांचं नाव असतं. माझी तक्रार नाही.

आता नवी बॅग टेबलावर आहे. हे वाचताना एक प्रश्न तुझ्या मनात आला असेल, आला नसेल तर येईल. झाकणाच्या आत, अस्तराच्याही खाली, तू आजीच्या किमोनोचा जांभळा तुकडा लावला होतास, बाहेरून कोणालाच दिसणार नाही असा. नव्या बॅगेत तो आहे, त्याच जागी, तिरका. तुझ्या हाताचा टाका उजवीकडून डावीकडे जातो, तसाच घालायचा प्रयत्न केलाय. जिने न बघता खोकी टाकली, तिला हे कुठून कळलं?

मी बघितलं होतं, कोझुए. सगळं बघितलं होतं. तू त्या सोंगात तोक्योला जाऊ नयेस म्हणूनच ती टाकायची ठरवली होती. कचऱ्याची पिशवी पारदर्शक, तिच्यावर ओकुमुरा म्हणून आपलं आडनाव लिहायचं. बॅग तशीच टाकली असती तर किताजिमाबाईला दिसली असती. म्हणून मी ओट्यापाशी उभी राहून ती उसवली. खोकी कागदात, मासे प्लास्टिकमध्ये, कमरपट्ट्याची बक्कल धातूत, नियमाप्रमाणे. दोन तास लागले, इतकं पक्कं काम होतं. मधेच एकदा हात थांबला होता. माझ्या पोरीला एवढं येतं, असं मनात आलं. तरीही पुढचा टाका कापला. जांभळा तुकडा तेवढा ठेवून घेतला, तो माझ्या शिवणाच्या डब्यात होता. खाई त्याला खवखवे म्हणतात. सात वर्षं मी तो डबा उघडून बटणसुद्धा लावलं नाही.

हे पुढेही लपून राहिलं असतं. पण परवा बाबा फोन ठेवून स्वयंपाकघरात आले ते डोळे पुसतच. म्हणाले, "कोझुए येतेय शनिवारी. म्हणाली, आईला बिचारीला काय कळणार होतं, चुकून झालं ते, मीच फार ताणलं." सात वर्षं ज्याची वाट बघितली ते त्यांनी माझ्या हातात ठेवलं, आणि मला ते धरवेना. तू माझी क्षमा मागायला येते आहेस, तेही माझ्या खोटेपणापायी. मला भीती वाटते, सोमवारचीही वाटते, आणि तू यावंस असं इतकं वाटतं की हे पत्र दोनदा फाडलं. गुरुवारी तुला मिळेल. तिकीट परत करायला शुक्रवार आहे. बाबांना यातलं काही माहीत नाही, नाही आलीस तर रजा मिळाली नाही असं त्यांना कळव, मी विचारणार नाही. पण आलीस आणि माफ करायचंच ठरवलंस, तर जिने बघून, जाणून ती बॅग उसवली तिला कर. जिला काही कळत नव्हतं अशी बाई या घरात कधी नव्हतीच.

तुझीच,
आई