शिळेचा संदर्भ

४ मार्च, मंगळवार

सासऱ्यांनी आज स्वतःचं नाव ज्ञानकोशात घातलं. अकरा मिनिटांत मी काढलं!

चार महिने मी त्या लेखावर घाम गाळतोय. एका जुन्या सिनेमाच्या संगीतावरचा लेख. मी हात लावला तेव्हा नुसता उकिरडा होता. नऊ गाणी, त्यातल्या तीन गाण्यांचे क्रम चुकलेले, आणि विशेषणंच विशेषणं — सुमधुर, अजरामर, अवीट. एकेचाळीस विशेषणं उपटली. गायक, वादक, ध्वनिमुद्रणाच्या तारखा, त्या वेळची परीक्षणं, सगळं शोधून लावलं. सतरा तळटीपा! ऑनलाइन ज्ञानकोशात माझं नाव 'काटेकोर'. घरात हे कुणालाच माहीत नाही, आणि कळायची गरजही नाही.

तर आज सकाळी तिथे नवीन ओळ. 'चौथ्या गाण्यातील अजरामर शीळेचा आवाज' आणि पुढे सासऱ्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. शीळेचा! अरे, शीळ दीर्घ, पण शिळेचा ऱ्हस्व. एवढं कळत नाही आणि निघाले अजरामर व्हायला. कारणाच्या रकान्यात लिहिलं — 'संदर्भ हवा. सबब बदल परतवला आहे. शुद्धलेखनही पाहावे.'

त्या सिनेमाच्या वाद्यवृंदात ते दुसरं व्हायोलिन वाजवायचे, हे खरं. ठरलेला शीळवाला त्या दिवशी आला नाही आणि ऐन वेळी शीळ यांनीच घातली, हे त्यांचं म्हणणं. एकोणीस वर्षं ऐकतोय. तेच शब्द, त्याच जागी तोच पॉझ, शेवटी तोच उसासा. शिळ्या कढीला ऊत म्हणतात, ही शिळेची कढी!

५ मार्च, बुधवार

जेवताना सासऱ्यांचा भडका. "कोण हा काटेकोर? समोर ये म्हणावं एकदा! याच्या बापानं ऐकलं असेल ते गाणं!"

मी समोरच होतो. मीठ पुढे केलं.

बायको त्यांना टाइप करून देते, हे आज कळलं. बापाची लाडकी. सासूबाई नेहमीप्रमाणे वाढत होत्या. त्या कधी काही बोलत नाहीत. घरात त्यांचा आवाज म्हणजे भांड्यांचा आवाज.

७ मार्च

पुन्हा घातलं. पुन्हा काढलं. या वेळी सात मिनिटं.

९ मार्च, रविवार

आजचा दिवस सोन्याचा!

दुपारी सासरे खोलीत आले. दारात उभे, घसा खाकरत. "जावईबापू, तुम्ही शिकलेले. भाषा तुमची चांगली. तुम्ही लिहा ना त्याला चार शब्द."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी शिकलेला झालो! लग्नानंतर दोन बॅगा घेऊन या घरात आलो, त्या दिवशी हाच माणूस शेजाऱ्यांना सांगत होता, "हे आमचे घरजावई. आयत्या बिळावर नागोबा." माझ्या ऑफिसातला सहकारी घरी आला तेव्हा त्याच्यासमोर, "हे पेपरात प्रुफं तपासतात. दुसऱ्याच्या चुकांवर पोट भरतं यांचं." तो सहकारी पुन्हा आला नाही. मीही पुन्हा कुणाला बोलावलं नाही.

असो. बसलो लिहायला. लेखाच्या चर्चापानावर सासऱ्यांच्या वतीनं असा अर्ज लिहिला, असा लिहिला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. 'एका वृद्ध कलावंताची एवढीच इच्छा आहे की डोळे मिटण्यापूर्वी…' वगैरे. सासऱ्यांनी मान डोलावली. म्हणाले, "वा! आता पाझर फुटेल."

मग मी न्हाणीघरात गेलो, कडी लावली, फोन काढला आणि काटेकोर म्हणून उत्तर दिलं. 'भावना समजल्या. ज्ञानकोश भावनांवर चालत नाही. संदर्भ हवा.'

बाहेर आलो तेव्हा म्हातारा ते वाचत होता. ओठ थरथरत होते. मी खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "माणसं निर्दय असतात हो."

१२ मार्च, बुधवार

आता फोटो. कुठल्या तरी पेटीतून काढला. स्टुडिओ, तारा, माइक, आणि कोपऱ्यात व्हायोलिन घेतलेले तरुण सासरे. बायकोनं स्कॅन करून चढवला.

मी लिहिलं — 'छायाचित्रात शीळ दिसत नाही.'

लिहून एकटाच हसलो. बरंच जमलं होतं.

जेवताना पुन्हा तेच. सासरे, "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" म्हटलं, "बाबा, कांकण दिसायला तर हवं." बायकोला वाटलं मी मदत करतोय. म्हणाली, "बाबा, तुम्ही शीळ घालूनच दाखवा ना! रेकॉर्ड करून टाकू."

"कवळीतून शीळ फुटते होय गं? दात होते तेव्हा घातली." मग सासूबाईंकडे बोट दाखवून, "हिला विचारा. ही होती तिथे. माझा डबा घेऊन आली होती."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. त्या आमटीचं भांडं उचलत होत्या.

"होते मी," म्हणाल्या आणि आत गेल्या.

बायकोनं तेही चर्चापानावर टाकलं. मी कळवलं — नात्यातली साक्ष ग्राह्य नाही.

१८ मार्च, मंगळवार

बायकोला कळलं.

'सबब'मुळे! फ्रिजवर मी चिठ्ठी लावली होती — 'दूध कालचे आहे. सबब उकळून घ्यावे.' तिनं ती चिठ्ठी हातात धरली, दुसऱ्या हातात फोन. "तूच ना तो?"

नाकारलं नाही. का नाकारू? नियम नियम आहे. उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल, ढोल मी वाजवला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांना सांगणार नाही मी. ते मरतील. पण त्यांना आयुष्यात आता एवढं एकच हवंय, आणि तुला हे माहीत आहे. तू रोज त्यांच्या ताटाशेजारी बसून हे करतोस."

उशी घेऊन ती दुसऱ्या खोलीत गेली.

म्हटलं जाऊ दे. एकोणीस वर्षं मला मान खाली घालून जेवायला लागलं, तेव्हा हिला कुणाची दया आली होती? तेव्हा ही मूग गिळून बसायची.

१९ मार्च

पुन्हा घातलं नाही. दिवसभरात चार वेळा बघितलं. चुकल्याचुकल्यासारखं झालं.

२२ मार्च, शनिवार

सकाळी सासरे पडले. पक्षाघात. उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, "जिवाचा धोका टळलाय. पण आता मनाला त्रास होईल असं काही नको." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे का बघितलं कोण जाणे. घरात मी एकटाच पुरुष उभा होतो म्हणून असेल.

खाटेवरून ते डाव्या हातानं टॅबकडे बोट दाखवतात. बायको उघडून देते. ते लेख खाली-वर करतात, नाव शोधतात, टॅब बाजूला ठेवतात. तासाभरानं पुन्हा.

"आज तरी घाल," ती म्हणाली.

"संदर्भाशिवाय?"

ती झुरळ दिसल्यावर बघते तशी बघत राहिली.

खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. इथे लिहायला काय हरकत आहे. त्यांचं तोंड वाकडं झालंय आणि आता त्यातून 'घरजावई' नीट निघत नाही.

२७ मार्च, गुरुवार

घडलेलं जसंच्या तसं लिहून ठेवतो.

रविवारच्या पुरवणीचा मजकूर आज टेबलावर आला. त्यात एका जुन्या ध्वनिमुद्रकाच्या आठवणी. वय चौऱ्याऐंशी, हातानं लिहिलेलं, अक्षर मोत्यासारखं. दुसऱ्या पानावर आमचाच सिनेमा! आणि चौथं गाणं! वाचत गेलो —

'ठरलेला शीळवाला आलाच नाही. शेवटी शीळ घातली ती आमच्या दुसऱ्या व्हायोलिनवाल्यांच्या कुटुंबाने. एका दमात!'

म्हणजे म्हातारा खोटं बोलत नव्हता.

आधी हसू आलं. कुटुंबाने! अख्खं कुटुंब रांगेत उभं राहून शीळ घालतंय की काय? चौऱ्याऐंशीव्या वर्षी लेखणी घसरणारच. आम्हा मुद्रितशोधकांचं काम तेच — घसरलेलं उचलायचं.

मग हसू थांबलं. पुरवणी संपादकांना तसंही अकरा ओळी कमी हव्या होत्या. हाच परिच्छेद उडवला तर? भुतालासुद्धा कळणार नाही. अर्धा तास पान पुढ्यात घेऊन बसलो. लाल पेन त्या परिच्छेदावर दोनदा टेकवलं.

आणि मग डोक्यात आलं — मारायचं तर उपकारानं मारावं! हा संदर्भ मी द्यायचा. मीच लेखात लावायचा. आणि मग खाटेशेजारी बसून शांतपणे सांगायचं, काटेकोर मीच. नाव काढणारा मी आणि देणाराही मी. घरजावयाच्या उपकाराखाली मरा आता!

'च्या कुटुंबाने' खोडलं. 'नी' लावलं. व्हायोलिनवाल्यांनी. पुढे कंसात सासऱ्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. अकरा ओळी दुसरीकडून काढल्या.

तीस वर्षांत दुसऱ्याच्या मजकुरात स्वतःचा शब्द घातला नव्हता. आज पहिल्यांदा घातला. संपादकांनी विचारलं, "हे नाव?"

"मूळ प्रतीत आहे," म्हटलं.

३० मार्च, रविवार

छापून आलं. सकाळी सव्वासातला लेखात घातलं. 'चौथ्या गाण्यातील शीळ' — पुढे त्यांचं नाव — आणि तळटीप अठरा. वृत्तपत्र, दिनांक, पुरवणी, पृष्ठ तीन. आता कुणाच्या बापाला काढता येणार नाही. मलासुद्धा नाही.

टॅब त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. अर्ध्या तोंडानं हसले. डोळ्यांतून पाणी मात्र दोन्ही बाजूंनी आलं. जड जिभेनं म्हणाले, "काटे… कोराचं… नाक कापलं!"

हीच वेळ होती. खुर्ची जवळ ओढली. तोंड उघडलं.

"घर… जावई," ते म्हणाले, "चष्मा पुसा."

पुसून दिला. आणि सांगायचं राहून गेलं. का, ते माझं मलाच कळत नाही. हसत होते म्हणून असेल. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. पण बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

सासूबाईंनी पुरवणी भिंग लावून वाचली. दोनदा. घडी घातली. "छान छापलंय," एवढंच म्हणाल्या.

बायको उशी घेऊन परत आली. म्हणाली, "शेवटी माणूस आहेस तू."

१ एप्रिल

घर पाहुण्यांनी भरलंय. जो येतो त्याला सासरे चौथं गाणं ऐकवतात. शीळ आली की बोट वर करतात. सगळे वा वा. सासूबाई तेवढ्यात चहा टाकायला उठतात. गाण्याबिण्याची आवड नसावी त्यांना.

मी एकदाचा चांगला वागलो, आणि जग कोसळलं नाही. नोंद करून ठेवतो.

३ एप्रिल, गुरुवार

दुपारी फोन वाजला. मीच घेतला. तेच ध्वनिमुद्रक. "वहिनींना द्या जरा, माफी मागायचीय. मी स्वच्छ लिहिलं होतं हो, व्हायोलिनवाल्यांच्या कुटुंबाने! पेपरातल्या कुठल्या गाढवानं ते नवऱ्याच्या नावावर करून टाकलं?"

कुटुंब म्हणजे बायको. माझे आजोबा आजीला जन्मभर 'आमचं कुटुंब' म्हणायचे. तीस वर्षं प्रुफं तपासतोय मी.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, "असू दे, भाऊजी." फोन ठेवला. मग माझ्याकडे न बघता, "त्या दिवशी घरी आल्यावर ह्यांनी सांगितलं, पुन्हा तोंडातून शीळ निघाली तर याद राख. नाही काढली कधी." पदराला हात पुसले. "ते नेटवरचं आता बदलता येतं का हो?"

शुद्धिपत्र देता येतं. चार ओळींचं. पान दोनवर मीच लावतो ते. पण मग विचारणार, कुणी बदललं?

"नाही," म्हटलं. "छापील संदर्भ आहे."

"बरं," म्हणाल्या, आणि त्यांना भरवायला आत गेल्या.