बदलायची मुभा

४ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पाकीट बघूनच तुम्ही ओळखलं असेल की भाचीनं काहीतरी घोळ घातलाय. एरवी मी फोन करते. पण कबुली कागदावर द्यावी, म्हणजे मध्येच तोंड घालायला समोर कुणी नसतं, हे तुमचंच म्हणणं.

आपल्या चित्रांच्या प्रोग्रामबद्दल आहे. मामीला झटका येऊन तिची वाचा गेली तेव्हा तुम्ही दुकानांच्या पाट्या रंगवणं बाजूला ठेवून तिच्यासाठी दोनशे बारा चित्रं काढलीत, आणि मी ती टॅबलेटवर चढवली. तिनं बोट ठेवलं की टॅबलेट माझ्या आवाजात पाणी मागतो, पंखा बंद करायला सांगतो. गेल्या महिन्यात मी हा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला केला. तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही हो म्हणाला होतात. घोळ पुढे आहे.

असं खुलं करताना सोबत लायसन्स जोडावं लागतं. लायसन्स म्हटलं की तुम्हाला स्कूटरच आठवणार, पण हे आपण दुसऱ्याला द्यायचं असतं. मी कोडसाठी, म्हणजे प्रोग्रामच्या माझ्या लिखाणासाठी, निवडलेलं लायसन्स सांगतं की कुणीही वापरा, बदला, वाटा. फक्त बदलून वाटलंत तर तुमचा बदलही ह्याच मोकळीकीनं पुढे द्या. ते निवडायला मला तीन आठवडे लागले. आणि मग शहाणीनं ते सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये ठेवलं. तुमची चित्रं त्याच्याच पोटात होती. म्हणजे कोडबरोबर चित्रंही मी त्याच अटीवर जगाला देऊन मोकळी झाले, आणि तुम्हाला विचारलं होतं ते फक्त प्रोग्रामचं.

ऑफिसातल्या मैत्रिणीनं परवा हे दाखवलं. तिनं विचारलं की हे लायसन्स कोडसाठी लिहिलेलं, त्यात मूळ कोडही सोबत द्या म्हटलंय, तर मग चित्राचं मूळ काय, मामांची पेन्सिल? मी आधी हसले, मग लक्षात आलं. जे माझं नाही ते मी दिलं, म्हणजे ते देणंच खोटं. चित्रं अजून तुमचीच आहेत. तुम्ही नको म्हणालात तर मी ती काढेन आणि ज्यांनी घेतली त्या प्रत्येकाला लिहीन. मात्र चित्रांशिवाय प्रोग्राम म्हणजे नुसत्या रिकाम्या चौकटी, आणि आज तो साठ-सत्तर घरांत वापरात आहे.

चित्रांसाठी वेगळी लायसन्स असतात. एकात फक्त तुमचं नाव द्यावं लागतं. दुसऱ्यात नाव द्यायचं, आणि बदललं तर तेही तसंच खुलं ठेवायचं. तिसऱ्यात वाटायची परवानगी आहे, बदलायची नाही. एकदा दिलं की परत घेता येत नाही, तेव्हा घाई करू नका.

मामीला माझा नमस्कार. रागवा, पण लोभ आटू देऊ नका.

तुमची,
भिंगरी


११ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चहा घेऊन. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारी माणसं ऐकली होती, घरातच निघेल असं वाटलं नव्हतं. असो. कबूल केलंस हे बरं केलंस.

मामीची तब्येत ठीक. डाव्या हातानं आता चमचा नीट धरते. उजव्यात अजून जोर नाही. मी दिवसभर तिच्याजवळच असतो, खुर्ची तिच्या पलंगाला लावूनच ठेवली आहे. तिनं मान वळवली तरी मला कळतं काय हवंय ते. टॅबलेट काय, असला तर असला.

आता तुझ्या लायसन्सचं. नावाची मला हौस नाही. चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या, खाली कोपऱ्यात सही केली, वरून पाऊस आणि ऊन. मी अक्षर शिकलो तेही माझ्या गुरूच्या पाट्यांवर कागद लावून, चोरूनच म्हण. तेव्हा कुणी माझं उचललं तर मी कुठल्या तोंडानं ओरडू? वाटा, खुशाल वाटा.

पण बदलायचं नाही. तिसरंच लायसन्स लाव. अगं, प्रत्येक चित्रात तुझ्या मामीचा चेहरा आहे. तो मी आठवून काढलेला नाही, समोर बसवून काढलाय. 'दुखतंय' काढताना ती खरंच कळवळत होती आणि मी तिची माफी मागत रेघ ओढत होतो. त्या चेहऱ्याला उद्या कुणी मिशा काढल्या, कुणी जुलाबाच्या औषधाच्या डबीवर छापला, तर मी काय करायचं? मला हे सहन व्हायचं नाही, स्पष्ट सांगतो.

जेवणाच्या वेळा सांभाळ. फार वेळ पडद्यापुढे बसू नकोस, डोळ्यांना चष्मा आधीच जाड आहे. रागावलोय, पण तो राग घरातलाच आहे, एवढं लक्षात ठेव.

तुझा,
मामा


१८ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचा शब्द मी मोडणार नाही. ह्या महिनाअखेर तिसरं लायसन्स लावते. त्याआधी एक सांगते, ते ऐकून घ्या, मग नाही म्हणा.

मिशा काढल्या गेल्या आहेत. अक्षरशः. दूरच्या एका गावात वाचा गेलेल्यांना शिकवणाऱ्या बाई आहेत. त्यांच्याकडे एक निवृत्त मास्तर येतात. बाईच्या चित्रावर बोट ठेवायला त्यांना लाज वाटायची, ते टॅबलेट उपडा करून ठेवत. म्हणून त्या बाईंनी तुमच्या चौदा चित्रांतला चेहरा बदलून म्हाताऱ्याचा केला. अंगाची ठेवण, हात, सगळं तुमचंच. मास्तर आता चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार करतात, असं बाई लिहितात. बदलायची मुभा नसेल तर ही चौदा चित्रं त्यांना पुसावी लागतील. मी त्यांना सगळं खरं लिहिलं. त्या म्हणाल्या, चित्रकारांना पटलं नाही तर पुसेन, पण मास्तरांना काय सांगू ते तुम्हीच सुचवा.

औषधाच्या डबीची तुमची भीती मी उडवून लावत नाही. दुसऱ्या लायसन्सनंही ती पूर्ण जात नाही, खोटं कशाला सांगू. ते लावलं तरी कुणी धंद्यासाठी छापू शकतं; फक्त तुमचं नाव आणि हीच मोकळीक त्यालाही पुढे द्यावी लागते. इतकंच कुंपण आहे. हवं तर चेहरा आधी थोडा बदला, मामीचा वाटणार नाही असा करा, आणि मग द्या. ते तुमच्या हातात आहे.

आणि एक चूक मला आत्ता दिसतेय. चित्रं तुमची, कोड माझा, पण चेहरा ज्याचा आहे त्या माणसाला आपण दोघांनीही विचारलेलं नाही.

बाईंनी बदललेल्यांपैकी तीन, आणि त्यांनी स्वतः नव्यानं काढलेलं एक, अशी चार चित्रं कागदावर छापून सोबत ठेवली आहेत. मामीच्या टॅबलेटवर तुमच्या परवानगीशिवाय काहीही घातलेलं नाही. नव्या चित्राला हसू नका, त्या काही चित्रकार नाहीत.

उत्तर काहीही आलं तरी मी तुमचीच भाची आहे. तुमचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची,
भिंगरी


२७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसायचो आणि उठायचो.

तुझी चार चित्रं आली. मास्तरांची तीन बरी आहेत, मिशा जरा जास्त झुपकेदार, पण बाईंना माझी रेघ कळली आहे. चौथं बघून मात्र माझं डोकं फिरलं. खिडकीकडे तोंड करून बसलेली बाई, आपल्याकडे पाठ, आणि हात मागे उंचावलेला. खाली लिहिलंय, 'मला जरा एकटं बसू द्या.' त्या हाताचा अंगठा करंगळीच्या जागी आलाय. मी भिंग घेऊन मामीला चुका दाखवत बसलो.

तिनं डाव्या हातानं कागद स्वतःकडे ओढला आणि चित्रावर बोट ठेवलं. मी म्हटलं, हो ना, अंगठाच चुकलाय. तिनं पुन्हा बोट ठेवलं. मी म्हटलं, पाठही जरा आखूडच आहे. तिसऱ्या वेळी तिनं बोट आपटलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग दाराकडे बघितलं.

भिंगरे, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन वर्षं मी तिच्या उशाशी खुर्ची टाकून बसलोय. दोनशे बारा चित्रं काढली, त्यात उवांच्या फणीचंसुद्धा आहे, पण हे एक मला सुचलं नाही. सुचणार कसं? ते मलाच बाहेर काढणारं होतं. ते सुचायला कुणीतरी परकंच लागलं, आणि त्या परक्या बाईला मी हात लावू नका म्हणून सांगत होतो.

मी उठून बाहेर गेलो. फार वाईट वाटलं, खोटं सांगत नाही. अर्ध्या तासानं आत आलो तर ती खिडकीतून रस्ता बघत होती आणि चेहरा इतका निवांत होता की असा मी एकाही चित्रात काढलेला नाही.

मग तिला चेहऱ्याबद्दल विचारलं. डबीचं, मिशांचं, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. टॅबलेट पुढे ठेवला. तिनं 'हो' दाबलं. माझा विश्वास बसेना म्हणून पुन्हा विचारलं, तर पुन्हा 'हो' आणि वर 'पुरे'.

तेव्हा दुसरं लायसन्स लाव. संमती वेगळ्या कागदावर सही करून जोडली आहे. चित्रांखाली माझं नाव घाल आणि चेहरा कुणाचा तेही घाल, तिला विचारूनच सांगतोय. चौथ्या चित्राचा अंगठा आणि पाठ मी सुधारून पाठवत आहे. बाईंना म्हणावं, मूळ तुमचं, दुरुस्ती माझी, आणि माझ्या दुरुस्तीलाही तीच अट. ह्या चित्राला आवाज तुझाच दे, पण जरा ठणकावून बोल, मामीचा स्वभाव तुला ठाऊक आहे.

अक्षर वेडंवाकडं आलंय ते चालवून घे. आत टेबल आहे, पण मी हे बाहेरच्या पायरीवर बसून, मांडीवर पाटी घेऊन लिहितोय. सकाळपासून तिनं ते चित्र दोनदा दाखवलंय.

आम्हा दोघांचेही आशीर्वाद, वेगवेगळे.

तुझा,
मामा