तेवीस स्टुलांची वाटणी

मी, वय एकाहत्तर, धंद्याने सुतार, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही. रंध्याचा आवाज येत नाही म्हणून बायको दोनदा डोकावून गेली, पण त्याला दडपण म्हणत नाहीत.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक बायकोची. यावर चर्चा नको.

२. घरात माणसं दोन आणि स्टुलं तेवीस, यावर पाहुणे हसतात. तर खुलासा करतो. भांडण झालं की मी मागच्या कामाच्या खोलीत जायचो, आतून कडी लावायचो आणि स्टूल करायला घ्यायचो. बायको दाराशी येऊन विचारायची, "राग गेला का हो?" मी रंधा आणखी जोरात मारायचो. प्रत्येक स्टुलाखाली पेन्सिलीने तारीख आहे. सगळी तिला. हवं त्यावर बसावं, नको ते जाळावं.

३. धाकट्या मेव्हण्याने नेलेली पटाशी त्यालाच. धार त्याने केव्हाच घालवली असेल.

४. मुलगी पंधरा दिवसांपूर्वी बॅग घेऊन माहेरी आली. जावई दिवसाला वीस फोन करतो, ही फोन बंद करून गच्चीवर फेऱ्या मारते. समुपदेशक बाईंकडे मी तिला नुसता सोडायला गेलो होतो, त्यांनी मलाही आत बसवलं. म्हणाल्या, "माणूस सुटेल या भीतीने कुणी घट्ट धरतं, कुणी आधीच लांब पळतं. घाबरलेले दोघंही असतात." पोरीने माझं नाक घेतलं नाही, याचा मला आजवर आनंद होता. कडी घेतली, हे त्या दिवशी कळलं आणि फार वाईट वाटलं.

म्हणून कामाची खोली आणि हत्यारं मुलगी-जावई दोघांना मिळून. अट एकच: तिने आत जाताना "अर्ध्या तासात येते" एवढं सांगावं, आणि त्याने तो अर्धा तास फोन न करता काढावा.

५. कडी कुणालाच नाही. आज सकाळी मी ती उपटून काढली.

६. मी गेल्यावर हे वाचायला ठेवणं म्हणजे पुन्हा आत बसून रंधा मारणंच. तेव्हा आज जेवणानंतर मीच वाचून दाखवणार. जावयाला फोन केला, त्याने पहिल्याच घंटीला उचलला.

साक्षीदार: शेजारचे शिंपी, समोरचे औषधवाले. दोघांच्या सह्या खाली.
स्थळ: कामाची खोली, दार उघडं.
दिनांक: आजचा, म्हणजे चोविसाव्या स्टुलाखाली पडला असता तो.

ता. क. वाचून झालं. मुलगी आणि जावई एकाच बाजूच्या दोन स्टुलांवर बसले होते. बायकोने आपलं स्टूल उलटं करून तारीख पाहिली आणि म्हणाली, "ही चुकली. त्या दिवशी आपण भांडलोच नव्हतो." बरोबर आहे. ते मी तिच्यासाठी केलं होतं. सांगायचं राहिलं होतं, आज सांगितलं.