कुदबी काही नाही म्हणेना

टूगाँ, ४ मे १९९३

चि. ओदील हिला आजीचे अ. उ. आ.

सगळ्यांत आधी आला तो कुदबी मोसीच. माझी दोलो, ज्वारीची दारू, अजून गाळून मडक्यात उतरली नव्हती, आणि हा भोपळ्याची वाटी घेऊन दारात हजर. म्हणतो कसा, काय गं गुलाम, मालकाला ताटकळत ठेवतेस? मी म्हटलं, तुझा बाप गाढवावर बसून आमच्या गावात पाणी मागत आला होता, तेव्हापासून तुम्ही ताटकळतच आहात. मग पाठोपाठ मिशनच्या बायका आल्या, तुझी मावशी आली. तिच्या गुडघ्याचं तेच चाललंय, तू सांगितलेला पाला बांधत नाही ती. पण मला सांगायचं होतं वेगळंच.

तुझ्या निळ्या सायकलची घंटी गेली.

सकाळी मी पोस्टात गेले, मग गिरणीवर ज्वारी दळायला, मग बाजारात. बाजारात सायकल नेहमीप्रमाणे कुदबी सायकली राखतो त्या निंबाखाली लावली. त्याने सीटवर खडूने आकडा घातला, तोच आकडा असलेला पत्र्याचा बिल्ला माझ्या हातात दिला. परत येऊन बिल्ला दिला, सायकल घेतली, घरी आले. वाटेत शेळी आडवी आली म्हणून अंगठा घंटीवर ठेवायला गेले, तर अंगठ्याखाली हवा.

मी तशीच मागे फिरले आणि भर बाजारात कुदबीला चोर म्हटलं. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, हो, मीच घेतली, गुलामाची घंटी ती मालकाचीच घंटी, बायकोच्या गळ्यात बांधली आहे, म्हणजे ती कुठे जाते ते कळतं. सगळा बाजार हसला. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. आपण सामो, ते मोसी, दोन्ही जमातींनी एकमेकांना गुलाम म्हणून चिडवायचं ही बापजाद्यांची रीत; त्यात सामो बाईने मोसीवर खरंखुरं रागवायचं, असं कुणी केलंय का? माझी आई गेली तेव्हा याचा बाप तिच्या कबरीच्या खड्ड्यात उतरून बसला होता, काम टाकून कुठे निघालीस, ऊठ म्हणत. आम्ही रडता रडता हसलो होतो. तेव्हा घंटीचं काय घेऊन बसायचं. चार शिव्या आणि चघळायला दोन कोला फळं दिली की येईल परत.

जेवत जा. बोबोच्या पाण्याने केस गळतात असं ऐकलं, खरं का ते लिही.

तुझी माया अशीच असू दे,
आजी मार्सेलिन

*

बोबो, १५ मे १९९३

ती. आजीस ओदीलचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले, आणि मग हसू गेलं. आजी, माझी शेवटची परीक्षा झाली. नदीपलीकडच्या दवाखान्यात सुईण म्हणून माझं नाव लागलंय, १ जुलैला हजर व्हायचंय. तिथल्या पाच गावांत बाळंतपणाला सायकलवरूनच जावं लागतं. मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, सायकल धड असेल तर ये, नाहीतर ती जागा दुसरीला देते. मी आहे म्हणून सांगितलंय.

म्हणून ऐक. साखळी-कुलूप बसवाल्याकडून पाठवते आहे. साखळी खांबाभोवती घ्यायची आणि सायकलच्या दांड्यातून व चाकातून काढायची. पंप पिशवीत ठेवायचा. जास्त वेळ लागणार असेल तर सीट काढून जवळ घ्यायची. किल्ली गळ्यात. आणि कुदबीकाकांकडून घंटी घेऊन टाक, मस्करी पुरे.

केस गळत नाहीत. लोभ आहेच, काळजीही आहे.

तुझी,
ओदील

*

टूगाँ, २७ मे १९९३

चि. ओदील हिला अ. उ. आ.

सुईण झालीस. हे मी मिशनमध्ये सांगितलं, गिरणीवर सांगितलं, पोस्टातल्या त्या बहिऱ्या माणसालाही दोनदा सांगितलं. तुझ्या आईला मी एकटीने, दाराला धरून जन्म दिला, आणि आता तिची पोरगी दुसऱ्यांना धरणार. मी दिवसभर उगाच हसत होते.

तू सांगितलंस तसंच सगळं करते. रविवारी सीट काढून, घमेल्यात घालून, डोक्यावर घेऊन देवळात गेले. फादरांनी विचारलं, ही देवाला वाहायची आहे का? मी म्हटलं, नाही, देवाला सायकल येत नाही.

पंप मात्र त्याच्या आधीच गेला होता. पिशवीत ठेवायचा हे तुझं पत्र येईपर्यंत मला कुठे माहीत होतं. आणि परवा सीटही गेली. गिरणीवर दोन्ही हातांत पीठ होतं, तिसरा हात देवाने दिलेला नाही, म्हणून ती सायकलवरच राहू दिली. तिथून मी मान खाली घालून पाठीवरच्या पोत्याचाच विचार करत सायकल ढकलत निघाले, आणि बसायला गेले ती निंबाजवळ. म्हणजे कुठे गेली ते मला कळेना. गिरणीवर, की रस्त्यात, की कुदबीने मला पाहता पाहताच काढली? तो माणूस तेवढा हुशार आहे.

मी त्याला म्हटलं, आता माझी सीटपण घेतलीस, सांग कुणाला विकलीस. तो म्हणाला, विकली नाही, रश्शात शिजवून खाल्ली, सामोच्या बुडाची चव लागत होती. लोक पोट धरून खाली बसले. गिरणीवाला झोआकिम द्राबो तर मला रोज विचारतो, आजी, आज मोसीने काय नेलं? मी सांगते, तो हसतो, आणि पिठाला जरा जास्त वेळ देतो. भला माणूस.

तू घाबरू नकोस. सगळं कुदबीच्या घरात एका जागी आहे, म्हणजे उलट जपून आहे.

आठवण ठेव, म्हातारीला विसरू नकोस,
आजी

*

टूगाँ, २ जून १९९३

चि. ओदील, कुदबी काफांदोचे अ. आ.

हे पत्र मी मिशनच्या शिक्षकाकडून लिहून घेतोय. यात एकही शिवी नाही, तेव्हा आधी बसून घे. कुणी मेलेलं नाही.

मुली, शपथेवर सांगतो, मी तुझ्या आजीची घंटी घेतलेली नाही. पंपही नाही, सीटही नाही. पहिल्यांदा मला वाटलं, ती नुसतीच मस्करी करते आहे, घंटी तिने घरी काढून ठेवली असेल. सामो बाईने भर बाजारात चोर म्हटल्यावर मोसीने नाही म्हणायचं म्हणजे बाप-आज्यांची मान खाली घालायची. म्हणून मी हो म्हणालो. पण गेल्या आठवड्यात ती बिनसीटची सायकल घेऊन आली आणि मला खडूने आकडा घालायला जागाच मिळेना. त्या सीटवर मी इतकी वर्षं आकडे घालतोय. मी दांड्यावर लिहिलं, हसलो, आणि घरी जाऊन जेवलो नाही.

आता खरंच चोरी झाली असेल, तर मी तीन वेळा सगळ्या गावासमोर कबुली दिलेली आहे. तिला खरं सांगायला गेलो होतो. दारात तिने मला गाढवाचा भाचा म्हटलं, आणि माझ्या तोंडून उत्तर आपोआप निघालं. तासभर शिव्या देऊन परत आलो. काय करावं ते सुचत नाही.

तुझी जागा जाऊ नये एवढंच वाटतं. कृपा लोभ ठेव.

कुदबी

*

बोबो, ९ जून १९९३

ती. आजीस सा. न. वि. वि.

कुदबीकाकांचं पत्र आलं. आजी, त्यांनी काहीही घेतलेलं नाही. शपथेवर सांगतात. सायकलचे भाग खरोखर कुणीतरी चोरतंय, आणि ते कोण हे कुणीच शोधत नाहीये, कारण तू सगळ्यांना सांगत सुटली आहेस की मोसी घेतोय. कृपा करून त्यांना एकदा नीट विचार. एक तारीख आता तीन आठवड्यांवर आली.

तुझीच,
ओदील

*

टूगाँ, १६ जून १९९३

चि. ओदील हिला अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी पीठ मळता मळता हसले. अगं, हीच तर त्याची सगळ्यांत मोठी मस्करी. शिक्षकाला बसवून, शपथ घेऊन, बोबोपर्यंत पत्र पाठवलं. असा मोसी दहा गावांत नाही.

आणि ऐक, आता पुढचं चाक नेलं. साखळी होती हं. खांबाभोवती घेतली, दांड्यातून काढली, मागच्या चाकातून काढली, किल्ली माझ्या गळ्यात होती, अजून आहे. पुढच्या चाकाचं तू काही लिहिलं नव्हतंस. गिरणीच्या आवाजात मला आत काही ऐकू येत नाही. बाहेर येऊन पाहते तो सायकल गुडघे टेकून बसलेली, तुझा आजोबा शेवटच्या दिवसांत बसायचा तशी. झोआकिम धावत आला, म्हणाला, मोसी आता चाकापर्यंत पोचला का? मी म्हटलं, पोचला. त्याने सायकल घरापर्यंत खांद्यावर आणून दिली.

मी हसत होते, पण एक हिशोब लागेना. कुदबी तेव्हा निंबाखाली होता. गिरणीवर जाताना मी त्याला पाहिलं होतं, हातात खडू. एकाच वेळी तो दोन ठिकाणी कसा असेल, ते मला कळत नाही. मोसी असल्यामुळे असेल. तुला कळलं तर लिही.

माया पातळ होऊ देऊ नकोस,
आजी

*

बोबो, १९ जून १९९३

ती. कुदबीकाकांस ओदीलचा सा. न. वि. वि.

हे पत्र बसवाल्याबरोबर पाठवते. तुमचं बिनशिवीचं पत्र हातात आलं तेव्हा माझे पाय गार पडले होते. तसेच आजीचे पडले पाहिजेत. तिच्याकडे टोपी काढून जा. तिला आदबीने हाक मारा. ती काहीही म्हणाली तरी उलट उत्तर देऊ नका. दुसरा रस्ता मला दिसत नाही.

मी शनिवारी २६ला निघते. आशीर्वाद असावेत.

ओदील

*

टूगाँ, २५ जून १९९३

चि. ओदील हिला अ. उ. आ.

तू उद्या येणारच आहेस, पण मला तोपर्यंत धीर नाही, म्हणून हे बसवाल्याच्या हाती देते. तो तुला वाटेत भेटेल.

सोमवारी कुदबी आला. उंबऱ्याच्या बाहेर उकिडवा बसला, टोपी काढून हातात घेतली आणि मला आडनावाने हाक मारून म्हणाला, मादाम पारे, आपली प्रकृती कशी आहे? ओदील, माझ्या हातातली पळी मडक्यात पडली. मला वाटलं, तू गेलीस. मी विचारलं, कोण गेलं? तो म्हणाला, कुणी नाही, पण आपली सीट मी घेतलेली नाही. मी म्हटलं, गाढवाच्या भाच्या, नाटक पुरे. तो खाली बघत राहिला. मी त्याच्या बापाला शिवी दिली, आज्याला दिली, मग आणखी मागे गेले, तिथले तर मला कुणी ठाऊकही नाहीत. तो म्हणाला, आपण म्हणाल तसं, मादाम. तेव्हा मला कळलं, हा थट्टा करत नाही.

दीड महिना मी गावभर सांगत होते की शोधू नका, चोर मला माहीत आहे. म्हणजे सायकलची राखण करायची सोडून मी चोराचीच राखण केली. मी कुदबीची माफी मागितली, खरीखुरी, हात जोडून. तर तोच घाबरला. म्हणाला, असं पुन्हा करू नका, मला रात्री स्वप्नं पडतील.

पुढचं सगळं त्याने केलं. या गावातली प्रत्येक सायकल कधी ना कधी त्याच्या खडूखालून जाते. बुधवारच्या बाजारात तो आकडे घालता घालता सीट उचलून खालून बघत होता. दुसऱ्या रांगेत, एका कांदेवाल्याच्या सायकलवर, मी लाल दोऱ्याने शिवलेली तुझी सीट निघाली. कांदेवाला म्हणाला, मी ही गिरणीवर झोआकिमकडून घेतली.

झोआकिम. आपलाच सामो, देवळात माझ्या पुढच्या बाकावर बसणारा. कुदबी आणि आमच्या वाडीतला मुख्य म्हातारा दोघे त्याच्याकडे गेले. त्याने नाकारलं नाही. म्हणाला, घंटी नेली तेव्हा भीती होती, पण मग आजी रोज गिरणीवर सांगायची की मोसी नेतोय, त्याची तक्रार नसते, मग मला वाटलं, तक्रार करणारं कुणी नाहीच. माझं पीठ जास्त वेळ दळायचा तो, मी त्याला भला म्हणत होते. भला होता की नव्हता, हेही आता मला ठरवता येत नाही.

घंटी आली, पंप आला, सीट आली. मी ती माझ्या पलंगाखाली ठेवली आहेत. आज दुपारी आधी झोआकिमचा चुलता आला, मान खाली घालून, माफीची कोंबडी घेऊन. मग कुदबी आला. उंबऱ्यातूनच ओरडला की सामोने सामोला लुटलं आणि बोंब मोसीच्या नावाने, अशा गुलामांना विकायला काढलं तरी कुणी घेणार नाही. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी त्याला कोंबडीचा पाय दिला.

चाक मात्र झोआकिमने नदीपलीकडे विकलंय. तो आणि कुदबी दोघे उद्या ते आणायला जाणार आहेत. ते मिळालं नाही तर कुदबी त्याच्या स्वतःच्या सायकलचं पुढचं चाक काढून तुझ्या सायकलला बसवणार म्हणतो. मी म्हटलं, मग तू काय एका चाकावर फिरणार? तो म्हणाला, मालक लोक बसूनच असतात.

तू ये. तुझ्या मायेवरच ही म्हातारी चालते आहे.

तुझी,
आजी मार्सेलिन

ता. क. दोघे चाक घेऊन परत येणार आहेत ते रविवारी, २७ तारखेला, देवळातली मिस्सा सुटल्याबरोबर.