सशांचा वाटा

आप्पा,

माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. मेथीचा अख्खा वाफा एका रात्रीत साफ झाला, आणि देठ असे तिरके, नेटके कापलेले, की न्हाव्यानं मानेवरचे केस उतरवावेत. वर्तमानपत्राच्या सदरात मी मंत्र्यांपासून महापालिकेपर्यंत सगळ्यांची सालटी काढली, कुणी माझं काही वाकडं केलं नाही. सोलापूरच्या बाहेर, माळाला लागून हौसेनं घर बांधलं, तर मला नामोहरम केलं कुणी? सशांनी. वनखात्याच्या कचेरीत फोन लावला. तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, ससा वन्यप्राणी आहे. त्याला हात लावायचा नाही." मी म्हटलं, "मी कुठं हात लावतेय? तोच माझ्या मेथीला तोंड लावतोय." "त्याला मनाई नाही," म्हणाले आणि फोन ठेवला. माझ्या धंद्यातला माणूस चुकून सरकारी नोकरीत गेला. शेवटी बारीक जाळी आणली, बुडाशी वीतभर मातीत गाडली. ससे खालून उकरून आत आले आणि या खेपेला कोथिंबीरही घेऊन गेले.

तेव्हा तुमची आठवण आली. खोटं कशाला बोलू, तुम्ही गेल्यानंतरच्या बऱ्याच वर्षांत आली नव्हती. मेंढरं विकून तुम्ही चादरीच्या कारखान्यावर राखणदार झालात, चौकीमागं तुमचा भाजीचा तुकडा होता. दिवस कलला की तुम्ही खांद्यावरचं काळं घोंगडं उतरवता, एक टोक मुठीत धरता आणि वाफ्यांभोवती जमिनीवरून ओढत एक फेरी मारता. धुळीत रुंद रेघ उमटते. मेंढरांचा, घामाचा, तंबाखूचा वास त्या रेघेत उतरतो आणि ससे बाहेरच थांबतात. मग शेवग्याखाली, रेघेच्या बाहेर, तुम्ही मेथीची एक जुडी ठेवता. "ज्याला हाकलायचं त्यालाच जेवण?" मी विचारते. "पोट भरल्यालं जनावर रेघ मानतंय, पोरी. उपाशी मानत न्हाय." मी हसत हसत रेघेवरूनच चालत बाहेर येते, तोच पाठीत धपाटा बसतो. "वलांडायची. तुडवायची न्हाय." तुमचा एवढा एकच मार मी खाल्ला.

आईला जाळीची कहाणी सांगितली तर ती बाजेवरून म्हणाली, "त्यांचं घोंगडं पेटीत हाय की. काढ." मी काढलं नाही. नावाजलेली लेखिका संध्याकाळी घोंगडं ओढत अंगणात फिरतेय, हे दृश्य शेजाऱ्यांना फुकट दाखवायची माझी तयारी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मागं गेले, तर वाफ्यांभोवती रुंद रेघ. गुळगुळीत, कुठंही न तुटलेली. सशांची पावलं रेघेपर्यंत येऊन माघारी वळलेली. मेथीचं एक पान हललं नव्हतं. आईवर संशय घ्यावा, तर ती वॉकरशिवाय मोरीपर्यंत जात नाही. पेटी उघडली. घोंगडं घडी घालून जिथल्या तिथं होतं, डांबरगोळ्यांचा वास मारत. फक्त काठाला ताजा मुरूम लागला होता, आणि त्यात सराट्याचा एक ओला काटा.

मी पेटीला कुलूप घातलं. रेघ रोज उमटत राहिली, आणि खरं सांगते, दोन-चार दिवस मला बरंच वाटलं. फुकटातला राखणदार. मग धाकटी बहीण आली आणि आईला आठवडाभरासाठी मैंदर्गीला, तिच्या सासरी घेऊन गेली. त्यानंतरच्या सकाळी वाफ्यांभोवती काही नव्हतं. रेघ होती, पण सरळ. मागच्या अंगणातून निघून, घराला वळसा घालून, फाटकाखालून बाहेर पडलेली आणि मैंदर्गीकडं जाणाऱ्या अक्कलकोट रस्त्याच्या दिशेनं गेलेली. डांबर लागेपर्यंत मी तिच्या मागं चालत गेले. पुढं दिसेना. त्या आठवड्यात सशांनी मेथी संपवली. मी त्यांना काही म्हटलं नाही.

काल आई परत आली. आज सकाळी रेघ तिच्या बाजेभोवती आहे. कडुनिंबाखाली ती झोपलेली, आणि भोवती एक पुरा वेढा. "आई, हे काय गं?" तिनं खाली पाहिलं आणि नव्या लुगड्याकडं बघावं तशी बघत राहिली. "मेंढरं व्हती तवा तळ हलवायच्या आदल्या दिशी असंच करायचं तुजं आप्पा. जी न्यायची, त्यांच्याभवती घोंगडं वडायचं." "न्यायची म्हणजे?" "आता तुला काय फोडून सांगू? लिवणारी बाई तू." मग म्हणाली, "लई दिस वाट बघाय लावली बग त्यांनी." मी म्हटलं, "आणि मी?" ती जाळीकडं बोट करून म्हणाली, "सशांचा वाटा ठिवलास का एकदा तरी? नुसती जाळी लावून बसलीयास."

नव्हता ठेवला. चौकी सुटल्यापासून कुणीच ठेवला नव्हता. आप्पा, तुमची राखण मी भाजीसाठी समजले, आणि तुम्ही माणूस राखत होतात. तिला न्यायचं असेल तर तुमचा हक्क माझ्यापेक्षा जुना आहे, हे मला मान्य आहे. पण जो नियम सशाला, तो तुम्हालाही लावून बघते. पोट भरलेला रेघ मानतो, तर तुम्हीही बाहेर जरा थांबा. नवी मेथी पेरली आहे. त्या मेथीला आईच्या हातची भाकरी लागते, माझ्या भाकरीच्या कडा फुटतात.

दुपारीच जाळी कापून गुंडाळून ठेवली. बाजारातून मेथी आणली, तिची एक जुडी इथल्या अंगणातल्या शेवग्याखाली ठेवली. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड. शेजारी तंबाखूची चिमूट, ती सशांसाठी नाही. पत्र पेटीत, घोंगड्याच्या घडीत ठेवावं असं आधी मनात होतं, पण ती पेटी उघडायला आता मला भीती वाटते, म्हणून ते माझ्याच टेबलावर राहील.

आणि आईला चहा द्यायला गेले तेव्हा कप हातात धरून, पदर खोचून, मी रेघेवरून उडी मारली. तुडवली नाही.