पिंगळदऱ्याचा स्विच आणि अर्जदाराची रजा

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
गावजोड संगणक प्रकल्प, माण विभाग,
दहिवडी, जि. सातारा.

विषय : संगणक जाळ्याचे केंद्र अर्जदाराच्या राहत्या खोलीतून हलवणे व तीन दिवसांची रजा मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे रजेचे अर्ज, एकूण सात.
२) आपले उत्तर दि. ३० ऑगस्ट, एकूण एक.

महोदय,

अर्जदार प्रियदर्शनी जयपाल बिरनाळे ही मूळची सांगलीजवळच्या दुधगावची असून गेली चार वर्षे पिंगळदरा येथे आपल्या प्रकल्पाची संगणक सहायक आहे. ग्रामपंचायत, शाळा, आरोग्य उपकेंद्र, दूध संकलन केंद्र आणि रेशन दुकान या पाच ठिकाणचे संगणक एकमेकांना जोडून ठेवणे, एवढेच तिचे काम. ते तिने इमानेइतबारे केले आणि त्यातच ती अडकली आहे. कशी अडकली, हे सात अर्जांत थोडक्यात सांगून भागले नाही, म्हणून या वेळी सविस्तर.

आरंभी आपण पाठवलेल्या जुन्या सामानातून बस पद्धतीची जोडणी केली होती. म्हणजे गावातून एकच लांब तार आणि पाचही संगणक तिलाच लटकलेले. तार कुठेही तुटली की सगळे गाव बंद. ती शाळेमागे शेळ्यांनी कुरतडली. शेळ्यांच्या मालकीण धोंडुबाई यांना लेखी समज दिली असता त्यांनी तोंडी खुलासा केला तो असा : "शेरडाला काय कळतंय, त्यात इंटरनेट हाय का वैरण? तार खाली सोडली कुनी?" खुलासा बिनतोड असल्याने प्रकरण मिटवण्यात आले.

त्यानंतर रिंग पद्धत केली. यात प्रत्येक संगणक शेजारच्या दोघांना जोडलेला असतो आणि एकाचा निरोप दुसऱ्याच्या संगणकातून पुढे जातो. कागदावर ही रचना फार सुबक दिसली. परंतु सरपंच वीरधवलराव आणि दूध केंद्राच्या बनुबाई हे दीर-भावजय असून बांधाच्या वादावरून पाच वर्षे त्यांचे बोलणे बंद आहे, हे कागदावर नव्हते. ग्रामपंचायतीत कुणी संगणकाला हात लावल्याचे कळले की बनुबाई आपला संगणक बंद करत. एक बंद पडला की कडे तुटते आणि सर्वांचे काम थांबते. त्यांचे म्हणणे : "आमी त्येंच्या घरचं पानी घेत न्हाई. मग त्येंचं टपाल आमच्या डब्यातनं कशापायी जाऊ द्यायचं?"

प्रत्येकाला प्रत्येकाशी थेट जोडणारी मेश पद्धतही विचारात घेतली. पाच ठिकाणांना दहा तारा लागत होत्या आणि त्यांतली एक नेमकी दिराकडून भावजयीकडे जाणार होती. विषय तिथेच संपला.

मग अर्जदाराच्या हातून चूक झाली. तिने ग्रामसभेत फळ्यावर स्टार पद्धत काढून दाखवली : मध्ये एक स्विच, म्हणजे सगळ्या तारा जिथे येऊन मिळतात ती पेटी, त्यातून प्रत्येकाला आपापली स्वतंत्र तार, कुणाचा कुणाशी संबंध नाही. गाव खूश झाले. पण मधली जागा कुणाच्या घरी, यावर दोन तास आरडाओरडा झाला. शेवटी रेशन दुकानदार चांदसाहेब म्हणाले, "बाईंच्या खोलीत ठिवा की. परगावच्या हायत, कुनाच्या अध्यात न्हाईत, मध्यात न्हाईत." ठराव लगेच मंजूर झाला. अर्जदाराला तेव्हा मान मिळाल्यासारखे वाटले, हे ती लपवत नाही. त्या दिवसापासून ती मध्यातच आहे.

गावात वीज दिवसातून चार वेळा जाते आणि प्रत्येक वेळी स्विच हाताने चालू करावा लागतो. खोलीची किल्ली एका घरी दिली तर दुसरे घर हरकत घेते. चांदसाहेबांनी तर किल्ली पाहताच हात जोडले. परिणामी गेले चौदा महिने अर्जदार एकही रात्र गावाबाहेर राहिलेली नाही. आपले उत्तर असे की, "पर्यायी व्यवस्था अर्जदाराने स्वतः करून मगच केंद्र सोडावे." अर्जदाराने पाच नावे सुचवली, पाचांवर हरकती आल्या. गाव तिच्याशी अतिशय प्रेमाने वागते. बनुबाई रोज दूध पाठवतात. सरपंचांनी खिडकीला जाळी बसवून दिली. त्या जाळीकडे पाहिले की अर्जदाराचा जीव गुदमरतो.

अर्जदाराची आई आक्काताई, वय चौऱ्याहत्तर. त्यांनी यंदाही जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दहा उपवास केले. पारणे दरवर्षी लेकीच्या हातून करतात. गेल्या वर्षी लेक गेली नाही, आईने कसेबसे समजून घेतले. यंदा पारण्याच्या दिवशी, म्हणजे काल, अर्जदार पिशवी घेऊन एसटी थांब्यावर उभी असता वीज गेली. सरपंच आणि बनुबाई, दोघेही धावत आले आणि गाडीच्या दारात आडवे उभे राहिले. एकमेकांशी बोलले नाहीत, दोघेही अर्जदारालाच म्हणाले, "तुमी गेला तर आमी काय करायचं?" पाच वर्षांत त्यांचे एवढ्या एका गोष्टीवर एकमत झाले. गाडी निघून गेली.

काल संध्याकाळी भाऊ सम्मेद याचा फोन आला : "ताई, आईनं पारणं केलं न्हाई. लय हट्ट धरलाय, उठून बसवत न्हाई आता." आईने फोन घेतला. आवाज ओळखू येत नव्हता. "तू ये सावकाश," म्हणाली, "तवर मी थांबते."

सबब अर्जदार आज सकाळी पायवाटेने मुख्य रस्त्याला येऊन गाडीत बसली आहे. स्विच मागे ठेवला असता तर आधी कुलूप कोण तोडतो यावरून डोकी फुटली असती, म्हणून तो काढून आणला आहे. हा अर्ज व स्विच आपल्या आवक खिडकीवर ठेवून ती पुढच्या गाडीने दुधगावी जाईल. आपण हे वाचाल तेव्हा पिंगळदरा बंद असेल. होईल ती कारवाई तिला मान्य आहे.

एकच विनंती. आई पारण्याच्या ताटावर बसण्याआधी विचारणार, रजा घेऊन आलीस ना? कामावरून पळून आलेल्या लेकीच्या हातचा घास ती घेणार नाही. अर्जदार आयुष्यात प्रथमच आईशी खोटे बोलणार आहे आणि हो म्हणणार आहे. दुपारी साधारण दोन वाजता. ते खोटे राहू द्यायचे की नाही, हे आपल्या हातात आहे.

आपल्या प्रकल्पाची, अजून तरी,
नम्र कर्मचारी
(सही)
प्रियदर्शनी जयपाल बिरनाळे

दि. १९ सप्टेंबर २०२४, सकाळी ८.१०

सोबत :
१) पाच हरकतींच्या प्रती.
२) स्विच, एक नग, सुस्थितीत.
३) रजेचा नमुना, आपली सही सोडून पूर्ण भरलेला.